कॉपच्या आधी बॉन गाठा

परदेशात शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना हवामानबदलाच्या प्रश्नात रस असतो, त्यांचे डोळे नोव्हेंबरकडे लागलेले असतात. यंदा 'कॉप' कुठे आहे, तिथे जाता येईल का, पास कोण देतं, खर्च किती येईल, हे प्रश्न मला वरचेवर ऐकू येतात. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्यांदाच जात असाल तर कॉपच्या मागे लागू नका. जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला जा.

कॉप म्हणजे 1992 च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात सामील झालेल्या देशांची वार्षिक बैठक. हल्ली तिची पार जत्रा झाली आहे. 2023 मध्ये दुबईला 80 हजारांहून जास्त माणसं जमली होती. 2025 मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात राहायच्या जागांचे भाव इतके चढले की पाहुण्यांच्या सोयीसाठी क्रूझ जहाजं आणून बंदराला लावावी लागली. अशा गर्दीत विद्यार्थी देशोदेशीच्या मंडपांतून फिरतो, फुकटची कॉफी पितो, दोन-चार मंत्री लांबून पाहतो, फोटो काढतो आणि परत येतो. मुख्य वाटाघाटींच्या दारापर्यंत तो पोहोचतच नाही.

बॉनचं तसं नाही. या करारांतर्गत दोन कायमस्वरूपी समित्या आहेत. एक विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं पाहते, दुसरी अंमलबजावणीचं. या दोन्ही समित्या दर जूनमध्ये बॉनला दहा-बारा दिवस बसतात. नोव्हेंबरमध्ये ज्या मसुद्यावरून मंत्री रात्री जागवतात, त्याची पहिली ओढाताण इथे होते. माणसं काही हजारच असतात, खोल्या लहान असतात आणि ज्यांनी सकाळी एखाद्या परिच्छेदावर अडून बसायचं ठरवलेलं असतं तेच वाटाघाटी करणारे दुपारी तुमच्यापुढे सॅलडच्या रांगेत उभे असतात. कॅमेरे फारसे नसल्यामुळे लोक कामापुरतं आणि खरं बोलतात.

आत जायचं कसं

ही परिषद सार्वजनिक आहे का? अर्धीमुर्धी. मोठ्या सभागृहातल्या उघड्या बैठका इंटरनेटवर थेट दाखवतात, त्या घरबसल्या कुणालाही पाहता येतात. पण प्रत्यक्ष आत जायला बॅज लागतो आणि तो व्यक्तीला थेट मिळत नाही. हवामान करार सचिवालयाने मान्यता दिलेली एखादी निरीक्षक संस्था तुमचं नाव पुढे पाठवते, त्या संस्थेच्या वाट्याच्या जागांमधून तुम्हाला जागा मिळते.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपलं विद्यापीठ या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का ते बघणं. यादी सचिवालयाच्या संकेतस्थळावर उघड आहे. युरोपातली, ब्रिटनमधली आणि अमेरिकेतली बरीच विद्यापीठं तिच्यात आहेत आणि गंमत म्हणजे तिथल्याच विद्यार्थ्यांना याचा पत्ता नसतो. पर्यावरण विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाकडे ते काम असतं. विद्यापीठाने नेमलेला संपर्क अधिकारी शोधून त्याला जानेवारी-फेब्रुवारीतच ईमेल करा. 'मला हवामानबदलाची फार तळमळ आहे' असं लिहू नका, तसं सगळेच लिहितात. माझा प्रबंध अमुक विषयावर आहे, या बैठकीत अमुक मुद्द्यावर चर्चा होणार आहे, मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकेन आणि परत आल्यावर विभागापुढे टिपण मांडेन, एवढं चार ओळींत लिहा. बॉनसाठी जागा मिळणं कॉपच्या मानाने सोपं असतं, कारण मागणीच कमी असते.

विद्यापीठ यादीत नसेल तरी वाटा आहेत. निरीक्षक संस्थांचे नऊ गट आहेत: पर्यावरण संस्था, उद्योग, शेतकरी, कामगार संघटना, आदिवासी आणि मूळनिवासी, स्थानिक स्वराज्य संस्था, संशोधन संस्था, महिला आणि तरुण. तरुणांच्या गटाला 'यंगो' म्हणतात, त्यात सामील व्हायला पैसे पडत नाहीत. वर्षभर त्यांचे विषयवार कामाचे गट चालतात. तिथे चार-सहा महिने खरं काम केलेल्या माणसाचं नाव पुढे जाण्याची शक्यता असते. मे महिन्यात उगवून जूनचा बॅज मागणाऱ्याकडे तिथे कुणी बघतही नाही, आणि ते योग्यच आहे. भारतातल्या टेरी, सीएसई यांसारख्या संस्थाही निरीक्षक आहेत. तुम्ही त्यांच्याकडे कधी इंटर्न म्हणून काम केलं असेल तर जुनी ओळख जागवून बघायला हरकत नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. बॅजसाठी संयुक्त राष्ट्रं शुल्क घेत नाहीत. 'युवा प्रतिनिधी म्हणून तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे इतके डॉलर भरा' अशी पत्रं भारतीय विद्यार्थ्यांना हमखास येतात. कागदावर निळा शिक्का असतो, नावात 'ग्लोबल' आणि 'लीडर' असतं, आणि घरची मंडळी कौतुकाने पैसे भरायला तयारही होतात. राहण्या-जेवण्याच्या सोयीचे पैसे एखादी संस्था घेत असेल तर ती गोष्ट वेगळी. प्रवेशाचेच पैसे मागितले की ते पत्र बाजूला ठेवा.

व्हिसा, गाडी, मुक्काम

जर्मनीत शिकणाऱ्यांना व्हिसाचा प्रश्नच नाही. नेदरलँड्स, फ्रान्स, इटली अशा शेंगेन देशांत असाल तर तिथलं निवासाचं कार्ड आणि भारतीय पासपोर्ट एवढ्यावर जर्मनीत येता येतं (कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत). मात्र कार्डाची मुदत संपून नूतनीकरण अडकलेलं असेल आणि हातात नुसती पावती असेल, तर तिच्यावर सीमा ओलांडता येते का हे आधी आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यार्थ्यांना मात्र शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. शुल्क 2024 पासून 90 युरो आहे, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा पटापट संपतात. बॅज पक्का झाल्यावर व्हिसाकडे वळू असं म्हणणारे बहुधा घरीच राहतात. नोंदणी ज्या पासपोर्टवर केली तोच बरोबर न्या, बॅज घेताना तो दाखवावा लागतो.

बॉन छोटं शहर आहे. परिषदेच्या दिवसांत हॉटेलं महागतात आणि व्हेनुसबर्ग टेकडीवरचं युथ हॉस्टेलही लवकर भरतं. कोलोनमध्ये मुक्काम करणं शहाणपणाचं. दोन शहरांमध्ये लोकल गाड्या सतत असतात आणि मुख्य स्टेशनांमधलं अंतर जेमतेम अर्ध्या तासाचं आहे. कोलोनहून 16 नंबरची ट्राम तर थेट परिषदेजवळच्या हॉइसआले थांब्याला सोडते, फक्त ती रमतगमत जाते. जर्मनीत शिकत असाल आणि सेमिस्टर तिकीट देशभर चालणारं असेल, तर या प्रवासाला वेगळा पैसा लागत नाही. फ्रांकफुर्टकडून आयसीई या वेगवान गाडीने येणाऱ्यांनी झीगबुर्गला उतरून 66 नंबरची ट्राम धरावी. आयसीईत सेमिस्टर तिकीट चालत नाही, हे नव्याने आलेल्यांच्या ध्यानात राहत नाही आणि मग दंड होतो.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दही, ब्रेड, फळं घेऊन ठेवा. परिषदेच्या कॅन्टीनमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, पण रोज तिथे जेवायचं म्हटलं तर विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड जातं. घरून डबा नेण्यात लाजण्यासारखं काही नाही. चार दिवसांत तुम्हाला दिसेल की गरीब देशांचे प्रतिनिधीही तेच करतात. शाकाहारींसाठी आणखी एक: हरिबोच्या जेलीच्या गोळ्या या बॉनच्याच. 1920 मध्ये ती कंपनी इथे सुरू झाली आणि तिच्या नावातला शेवटचा 'बो' बॉनचाच. शहरात जिथे तिथे त्या गोळ्यांची वाटी पुढे येते, पण बहुतेक गोळ्यांमध्ये प्राण्यांपासूनचं जिलेटिन असतं.

जिथे परिषद भरते त्या परिसराबद्दल थोडं. पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन होती. संसदेसाठी नवं काचेचं सभागृह बांधून 1992 मध्ये पुरं झालं, तेव्हा राजधानी बर्लिनला हलवायचा ठराव होऊन वर्ष उलटलं होतं. पुढे 1999 मध्ये संसद बर्लिनला गेली. हवामान कराराचं सचिवालय 1996 मध्ये बॉनला आलं आणि रिकाम्या होत चाललेल्या सरकारी वस्तीला नवं काम मिळालं. आजच्या परिषद केंद्रात ते जुनं संसद सभागृहही आहे. एक संध्याकाळ मोकळी मिळाली तर पलीकडे ऱ्हाइनच्या काठाने चाला. जवळच जर्मनीच्या युद्धोत्तर इतिहासाचं संग्रहालय आहे, तिथे प्रवेश मोफत आहे.

एकच धागा धरा

आता मुख्य गोष्ट. बॉनच्या विषयपत्रिकेवर डझनावारी मुद्दे असतात आणि एका वेळी सहा-सात खोल्यांत बैठका चालू असतात. नवखा माणूस अर्धा तास इथे, पाऊण तास तिथे असं करत दिवस घालवतो आणि संध्याकाळी त्याच्या वहीत फक्त लघुरूपं उरतात. लग्नात प्रत्येक पंगतीला थोडं थोडं खाणाऱ्या पाहुण्याचं जसं शेवटी पोटही भरत नाही आणि चवही कळत नाही, तसं ते होतं. म्हणून निघण्याआधीच एक मुद्दा निवडा आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच धरा.

तो मुद्दा शक्यतो आपल्या मातीतला असावा. रत्नागिरी-रायगडच्या मुलामुलींनी 'हानी आणि नुकसान' हा विषय घ्यावा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, नारळ-सुपारीच्या जुन्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. नवं झाड लावलं तरी ते फळाला यायला काही वर्षं जातात, मधल्या वर्षांचं उत्पन्न कोण भरून देणार? नेमक्या याच प्रकारच्या नुकसानीसाठी निधी उभारायचं 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या कॉपमध्ये ठरलं आणि 2023 मध्ये दुबईच्या परिषदेच्या पहिल्याच दिवशी तो कार्यान्वित करण्याचा निर्णय झाला. त्यात पैसे कोण टाकतं, किती टाकतं आणि ते कुणापर्यंत पोहोचतात, यावरचा वाद अजून संपलेला नाही.

मराठवाडा-विदर्भातून कृषी शाखेत आलेल्यांसाठी 'अनुकूलन' हा विषय आहे. एखादा देश बदलत्या हवामानाशी किती जुळवून घेतो आहे हे मोजायचं कसं, यावर बरीच वर्षं काथ्याकूट चालला. हजारो निर्देशकांची यादी तज्ज्ञांनी शंभरावर आणली आणि बेलेमला शेवटी 59 निर्देशक स्वीकारले गेले. आपल्याकडे जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे सगळे ज्याला 'पोकरा' म्हणतात तो, हेच काम गावपातळीवर करत होता: शेततळी, ठिबक, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने पेरणी. ज्याने हे शेतात पाहिलं आहे, त्याला निर्देशकांच्या यादीत काय सुटलं ते खोलीतल्या अनेक तज्ज्ञांआधी दिसेल. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलीने 'मला यातलं काय कळतं' म्हणत मागे बसून राहावं, हे मला अजिबात पटत नाही.

पैशाचा विषयही सोडू नका, बाकी सगळे विषय फिरून तिथेच येतात. 2024 मध्ये बाकूच्या कॉपमध्ये ठरलं की विकसनशील देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला किमान 300 अब्ज डॉलर उभे करायचे. ठराव मंजूर झाल्याचा हातोडा पडल्यानंतर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी सभागृहातच त्याला जाहीर हरकत घेतली होती. त्याचे पडसाद पुढच्या जूनमध्ये उमटले. 2025 ला बॉनमध्ये श्रीमंत देशांच्या पैसे देण्याच्या जबाबदारीवर वेगळी चर्चा हवी, या मागणीवरून विषयपत्रिकाच दोन दिवस मंजूर होऊ शकली नाही. ती मागणी करणाऱ्या गटात भारत होता. विषयपत्रिकेवरून भांडण म्हणजे वेळकाढूपणा, असं वर्तमानपत्र वाचून वाटतं. तिथे बसल्यावर कळतं की कशावर बोलायचं हे ज्याने ठरवलं त्याने अर्धी लढाई मारलेली असते.

निवडलेल्या मुद्द्याची तयारी दोन आठवडे आधी करा. मागच्या बैठकीचे निष्कर्ष वाचा, ते चार-पाच पानांचेच असतात. मग 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन' हे वार्तापत्र वाचा. ते 1992 मध्ये सुरू झालं आणि या वाटाघाटींचा रोजचा वृत्तान्त देतं, भाषा कोरडी आहे, पण कोण देश काय म्हणाला हे त्यात नेमकं मिळतं. पर्यावरण संस्थांचं 'इको' हे पत्रक त्याच्या बरोबर उलट: तिखट आणि उघड बाजू घेणारं. दोन्ही वाचा, पहिल्यावर विश्वास ठेवा आणि दुसऱ्याची मजा घ्या.

खोलीत बसल्यावर

सकाळी आधी आपल्या गटाच्या समन्वय बैठकीला जा, त्या दिवशी कुठली दारं उघडी आहेत आणि कुठली बंद ते तिथे कळतं. मोठ्या सभागृहात सहा भाषांत दुभाषे असतात, लहान खोल्यांतल्या वाटाघाटी मात्र इंग्रजीतच चालतात. ते इंग्रजी कॅमेरूनचं, बोलिव्हियाचं, बांगलादेशचं असतं. तिथे आपल्या उच्चारांची लाज वाटण्याचं कारण उरत नाही.

टेबलाभोवती देश बसतात, निरीक्षकांच्या खुर्च्या भिंतीलगत असतात. बोलायचं असेल तर देशाच्या नावाची पाटी उभी करतात. पुढे दोन सहसंचालक असतात, साधारणपणे एक विकसित देशाचा आणि एक विकसनशील देशाचा. पडद्यावर मसुदा असतो आणि ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात असतात. तुमची वही भाषणांनी भरू नका. रोज संध्याकाळी कालचा मसुदा आणि आजचा मसुदा शेजारी ठेवा, कुठले कंस गेले, कुठले नवे आले आणि कुणाच्या बोलण्यानंतर आले, एवढंच लिहा. चार दिवसांत चित्र उभं राहतं. भारत कधी एकटा बोलतो, कधी विकसनशील देशांच्या 'जी-77 आणि चीन' या मोठ्या गटाच्या मागे उभा राहतो आणि कधी समविचारी विकसनशील देशांच्या गटाकडून बोलवून घेतो, तेही टिपा.

अनौपचारिक बैठकांपैकी निदान पहिली आणि शेवटची निरीक्षकांना खुली ठेवायचा प्रघात आहे, पण एखाद्या देशाने हरकत घेतली की तुम्हाला उठावं लागतं. हुज्जत घालू नका. वाटाघाटी चालू असताना फोटो, ध्वनिमुद्रण आणि कोण काय म्हणालं याचं थेट ट्वीट, तिन्ही टाळा. एका उतावीळ पोस्टपायी पूर्ण संस्थेवर बालंट येऊ शकतं. फलक घेऊन उभं राहायचं असेल तर सचिवालयाची आगाऊ परवानगी लागते. शहरातल्या मोर्चात जायचं असेल तर तो पोलिसांनी मान्य केलेला आहे ना ते बघा. परकीय विद्यार्थ्याच्या निवास परवान्याशी खेळ नको.

भारतीय शिष्टमंडळाशी बोलावंसं वाटतं, बोलावंच. बहुतेक जण पर्यावरण मंत्रालयातले अधिकारी असतात, रात्री उशिरापर्यंत जागलेले. त्यांना बैठकीच्या तोंडावर अडवू नका. जेवणानंतर गाठून 'सर, नमस्कार, मी अमुक विद्यापीठात शिकते, अनुकूलनाच्या बैठकीला रोज असते, परिच्छेद 12 बद्दल एक विचारायचं होतं' असं म्हटलं की माणूस थांबतो. विद्यार्थी रोज बसून ऐकतो आहे याचं त्यांना अप्रूप असतं. जे सांगतील ते नाव घालून छापू नका.

साइड इव्हेंट, म्हणजे दुपारचे परिसंवाद, दिवसाला एकापेक्षा जास्त ऐकू नका. त्यांतले बरेचसे नंतर इंटरनेटवर सापडतात. वाटाघाटींची खोली सापडत नाही.

बॅज नाहीच मिळाला तर

बॉनला तरी याच, पण अपेक्षा बदलून. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाची पर्यावरण आणि मानवी सुरक्षेवरची संस्था, बॉन विद्यापीठाचं विकास संशोधन केंद्र आणि 'आयडॉस' ही विकास धोरण संस्था, तिन्ही याच शहरात आहेत. त्यांची व्याख्यानं बहुधा नुसत्या नोंदणीवर खुली असतात आणि परिषदेसाठी आलेली माणसं संध्याकाळी तिथे भेटतात. लंडनमध्ये शिकणाऱ्यांसाठी जूनमध्येच 'लंडन क्लायमेट ॲक्शन वीक' असतो, तो 2019 मध्ये सुरू झाला. अमेरिकेतल्यांसाठी सप्टेंबरमध्ये 'क्लायमेट वीक न्यूयॉर्क'. दोन्हीकडे बरेच कार्यक्रम मोफत आणि सर्वांना खुले असतात, पण उद्योगांच्या जाहिरातबाजीतून धान्य आणि कोंडा वेगळा करण्याचं काम तुमचं.

बॅज मिळाला असेल, तर शेवटची सर्वसाधारण बैठक वेळेवर संपेल असं धरून परतीचं तिकीट काढू नका. ती रात्रीपर्यंत लांबते. एखाद्या मुद्द्यावर एकमत झालं नाही तर 'नियम 16' लावून तो पुढच्या बैठकीवर ढकलतात, आणि तुम्ही दहा दिवस ज्याच्या मागे होता तोच मुद्दा असा गेला तर त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. परतल्यावर आठवड्याच्या आत विभागासाठी टिपण लिहा आणि त्याचंच मराठी रूप आपल्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला पाठवा. निष्कर्षांच्या शेवटी बहुतेक वेळा एक वाक्य असतं: या विषयावर देशांनी आणि निरीक्षक संस्थांनी अमुक तारखेपर्यंत आपलं म्हणणं लेखी पाठवावं. ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि ज्या प्राध्यापकांनी तुमचं नाव पाठवलं त्यांना विचारा, विद्यापीठातर्फे दोन पानांचं निवेदन पाठवायचं का. मसुदा तुम्ही लिहा.